कवेलूवरचं ऊन

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत मंडई सुरू होते. गावागणिक दिवस ठरलेला. दिवसा दुकानं, पाळणे, जिलेबी. रात्री दंडार नाहीतर नाटक. लाखांदूर तालुक्यातल्या आजोळी मंडईला जायचं आणि मामाजींच्या छपरीत पाय पसरून बसायचं, हा माझा लहानपणापासूनचा नेम. मागच्या वर्षी तिथं बसल्या बसल्या मी त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतलं घर, उतरतं छप्पर, त्यावर काळ्याशार काचेच्या पट्ट्या एकीवर एक चढवलेल्या. पॅनल म्हणून वेगळं काही दिसतच नाही. छप्परच वीज तयार करतं.

मामाजींनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "काचेचे कवेलू?" मग मान वर करून स्वतःच्या छपराकडं बघितलं. "अन् माकडं आले तं?"

मी हसलो. पण नागपूरला परत येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना. सौर छपरांविषयी नंतर मी जे जे वाचलं, ज्यांना ज्यांना विचारलं, त्यात इतका मुद्द्याचा प्रश्न दुसरा सापडला नाही.

आधी मामाजींचं छप्पर कसं आहे ते सांगतो. मधोमध आडं, त्याला पेलणाऱ्या मयाली, दोन्हीकडं उतरत जाणारे फाटे, फाट्यांवर बांबूच्या कमच्या आणि त्यांवर कवेलू. कवेलूला खिळा नाही, चुना नाही, सिमेंट नाही. कुंभार चाकावर एका तोंडाला निमुळती नळी ओढतो, ती उभी चिरली की एका नळीचे दोन कवेलू. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. आपल्या वजनावर आणि शेजाऱ्याच्या आधारावर बसलेलं हे छप्पर. शेकडो फटी असतात त्यात. धूर त्यांतून बाहेर जातो, वारा आत येतो, मे महिन्यातल्या दुपारी दारं लावून घेतली की आत बसवतं. मंगलोरी कौलं, ज्यांना आमच्याकडं इंग्रजी कवेलू म्हणतात, ती खाचेत खाच अडकवून बसतात. तीही खिळ्याशिवाय.

अशा छपराला दर पावसाळ्याआधी फेरणी लागते. कवेलू उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, कमच्या बदलायच्या, झाडून पुन्हा रचायचे. फेरणारा माणूस फाट्यावर पाय ठेवून चालतो. कवेलूवर पाय पडला की कवेलू गेला. हे माणसाला कळतं. माकडाला कळत नाही. कळपातलं एखादं वानर चिंचेवरून छपरावर उडी घेतं आणि जून महिन्यात नेमकी त्याच जागी खालची गादी भिजते.

आता व्हिडिओतलं छप्पर. ते ज्या घरावर असतं, त्या घराची रीतच निराळी. अमेरिकेत लाकडी सांगाड्यावर प्लायवूडचे तक्ते ठोकतात, तक्त्यांवर डांबरी पट्ट्या खिळ्यांनी बसवतात. त्या पट्ट्या म्हणजे शिंगल. वीसेक वर्षांनी त्या झिजतात आणि सगळं छप्पर उपटून नवं करावं लागतं. तिथल्या घरमालकाच्या आयुष्यात हा मोठा खर्च ठरलेलाच. म्हणून कुणाच्या तरी मनात आलं, नवं छप्पर टाकायचंच आहे तर वीज देणारंच टाकू. शिवाय घरावर निळी-काळी पॅनलं उभी केली की घराची शोभा जाते, अशी तिथल्या वस्त्यांमधली तक्रार. दोन्ही अडचणी त्यांच्या छपराच्या. उत्तरही त्यांच्याच छपराला बेतलेलं.

आणि त्यांच्याकडंही ते सहज बसलं असं नाही. डाऊ केमिकल या बलाढ्य कंपनीनं 2009 मध्ये सौर शिंगलची घोषणा केली, 2011 पासून विक्री केली आणि 2016 मध्ये तो धंदा गुंडाळला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इलॉन मस्क यांनी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत, एका गाजलेल्या टीव्ही मालिकेसाठी उभारलेल्या गल्लीतल्या घरांवर, टेस्लाचं सौर छप्पर दाखवलं. घरं नाटकातली, छप्पर मात्र खरं म्हणून सांगितलेलं. मंडईतल्या माणसाला यात गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही. आठवड्याला हजार छपरं टाकू असं मस्क यांचं लक्ष्य होतं. ते गाठलं गेलं नाही. छतांच्या व्यवसायातल्याच जीएएफ या कंपनीनं 2022 मध्ये खिळ्यानं ठोकता येणारी सौर शिंगल आणली, म्हणजे नेहमीचा छप्परवालाच ती बसवू शकेल. मला यातलं हेच शहाणपण वाटलं: वस्तू बदला, पण माणूस तोच राहू द्या.

यात काय काय गुंतलंय ते एका हिशेबात सांगतो. 3 किलोवॉट वीज हवी असेल तर आजच्या 540 वॅटच्या साध्या पॅनलांपैकी सहा पुरतात. टेस्लाच्या तिसऱ्या पिढीची टाइल 72 वॅटच्या आसपास आहे. तेवढ्याच विजेला बेचाळीस लागतात. जीएएफची पहिली शिंगल 45 वॅटची, म्हणजे सदुसष्ट. प्रत्येक तुकड्याला जोड आला, प्रत्येक जोडात पाणी शिरायची, तार सुटायची, मुंगी घुसायची जागा आली. सहा पॅनलांत बिघाड शोधणं आणि सदुसष्ट पट्ट्यांत शोधणं, यांतलं अंतर साकोलीच्या कुठल्याही वायरमनला विचारा. दोष असलेली पट्टी छपराच्या मधोमध निघाली, तर तिच्यापर्यंत पोचायचं कशावर पाय ठेवून?

पण आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीनं खरी अडचण तापमानाची आहे आणि जाहिरातीत ती कुठंच नसते. ऊन जास्त तितकी वीज जास्त, असा सगळ्यांचा समज. उजेड जास्त तितकी वीज जास्त, हे बरोबर. उष्णतेचं मात्र उलटं. पॅनलवर लिहिलेले वॅट हे सेल 25 अंशांवर असतानाचे. त्यापुढं प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते. मे महिन्यात भंडाऱ्यात हवाच 44-45 अंशांवर जाते, तेव्हा स्टँडवरच्या पॅनलमधला सेल 65 अंशांना सहज टेकतो. चाळीस अंश जास्त, म्हणजे 14 टक्के घट. ही झाली खालून वारा वाहणाऱ्या पॅनलची गोष्ट. शिंगल तक्त्याला चिकटून बसलेली. तिच्या पाठीला वारा नाही. आणखी दहा अंश चढले की आणखी साडेतीन टक्के गेले. शिवाय ती तापलेली काच आणि खालचा तक्ता यांनी कवेलूच्या फटी बुजवल्या, की घराला जो श्वास होता तोही बंद. वीज तयार होईल खरी, आणि ती कूलरला लागेल.

दिशेचंही तसंच. भंडारा 21 अंश अक्षांशावर. पॅनल दक्षिणेकडं तोंड करून तितकंच कललेलं असलं की वर्षभराचं ऊन चांगलं मिळतं. स्टँडला हवं तसं वळवता येतं. छपराला नाही. आपली घरं रस्त्याच्या, बोळीच्या, शेजाऱ्याच्या भिंतीच्या हिशेबानं उभी राहिलेली. सूर्याला कोण विचारत होतं? वर आंगणातली चिंच, आंबा. पॅनलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी ओळीनं जोडलेल्या बाकीच्या पॅनलांचीही वीज खाली येते. आणि धूळ. तुमसर-मोहाडीकडं धानाच्या गिरण्या आहेत, कोंड्याची राख वाऱ्यावर असते. सपाट छतावरचं पॅनल बादली आणि फडकं घेऊन पुसता येतं. उतरत्या काचेच्या छपरावर चढून फडकं कोण मारणार?

माकडांचं उत्तर तर राहिलंच. ही काच कडक केलेली असते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणं पॅनलवर 25 मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा सेकंदाला 23 मीटर वेगानं मारून बघतात, गारपिटीची परीक्षा. त्यात ती टिकते. पंधरा किलोच्या वानराची परीक्षा मानकात नाही.

मग हा सगळा खेळ निरर्थक? तसं मला वाटत नाही. इटलीतल्या पॉम्पेईत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या रोमन शहरात, पुरातत्त्ववाल्यांनी काही घरांवर मातीच्या कौलांसारखी दिसणारी सौर कौलं बसवली आहेत. व्हिचेंझा भागातल्या डायाक्वा नावाच्या छोट्या कौटुंबिक कंपनीनं ती बनवलेली. वरचा थर दिसायला भाजलेल्या मातीचा, पण ऊन आत सोडणारा. आत नेहमीचेच सेल. साध्या पॅनलपेक्षा वीज कमी मिळते, पण दोन हजार वर्षांच्या घरावर पॅनल उभं करायचं नाही आणि तारही लांबून ओढायची नाही, तेव्हा हा सौदा चालतो. आपल्याकडं पवनीतली जुनी देवळं आणि वाडे, वनखात्याची कवेलूची विश्रामगृहं, अशा ठिकाणी कुणी असं करून पाहिलं तर मी पहिला बघायला जाईन. तिथं हिशेब युनिटचा नसतो.

भारतात या वाटेनं थोडं काम झालंय. सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या हैदराबादच्या विसाका इंडस्ट्रीजनं 2018 मध्ये 'ॲटम' नावाचं छप्पर आणलं: सिमेंटच्या बोर्डावरच सेल बसवलेले, म्हणजे पत्रा आणि पॅनल एकच. गोदाम, शेड, गाड्यांचा आडोसा यांना ते साजतं. शिंगलपेक्षा हे आपल्या जवळचं आहे, कारण आपल्याकडं आता छप्पर म्हणजे बहुतेक ठिकाणी टिना नाहीतर स्लॅब.

भंडाऱ्याच्या विजेवर लिहायचं तर आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. भंडाऱ्याहून नागपूरकडं निघालं की मौदा लागतं, एनटीपीसीचं 2320 मेगावॉटचं औष्णिक केंद्र. उलट अंगाला तिरोडा, अदानींचं 3300 मेगावॉटचं. 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याआधी तिरोडा आमच्याच जिल्ह्यात होतं. पाणी वैनगंगेच्या खोऱ्यातलं. दोन धुराड्यांच्या मध्ये राहणाऱ्या माणसाला रात्री थ्री फेजची वाट बघत मोटरजवळ बसावं लागतं, यावर गावात आता कुणी आश्चर्यही करत नाही.

आणि सौर पॅनलांचा कारखानाच आपल्या दारात होणार होता. मे 2013 मध्ये साकोली तालुक्यातल्या मुंडीपारला 'भेल' या सरकारी कंपनीच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. प्रफुल्ल पटेल तेव्हा केंद्रात अवजड उद्योगमंत्री होते. वीजकेंद्रांची यंत्रसामग्री तयार करायची आणि त्याबरोबर सौर सेल व पॅनलंही, असा तो बेत. जमिनी गेल्या, भिंत उठली, भाषणं झाली. पॅनल काही निघालं नाही. तो कारखाना झाला असता तर पोरांना काम लागलं असतं, आणि आज गावात 'सोलर बिघडलं' म्हटल्यावर नागपूरहून माणूस यायची वाट बघावी लागली नसती. या जिल्ह्याचं मोठं नुकसान मला या दुसऱ्या गोष्टीत दिसतं.

असो. छपरावर परत येऊ.

फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. एक कोटी घरांवर सौर यंत्रणा, 75,021 कोटींची तरतूद. पहिल्या 2 किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागं 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000. जास्तीत जास्त 78,000. सरकारनं धरलेली किंमत पहिल्या दोन किलोवॉटला 50,000 प्रमाणे आणि तिसऱ्याला 45,000, म्हणजे 3 किलोवॉटचे 1,45,000. अनुदान वजा जाता 67,000. अट अशी की पॅनल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले हवेत. परदेशी शिंगलचा विषय इथंच संपतो. ती मागवायची तर पूर्ण किंमत आपल्या खिशातून, वर छपराखाली तक्ते ठोकण्याचा खर्च वेगळा.

महिन्याला शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या घरांसाठी राज्यानं 'स्मार्ट' योजनेत आपली भर घातली. 1 किलोवॉटचा खर्च साधारण 50,000 धरलेला. केंद्राचे 30,000, आणि दारिद्र्यरेषेखालच्या घराला राज्याचे 17,500. घरच्यांनी भरायचे 2,500. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना 5,000, इतरांना 10,000. आमच्याकडच्या खेड्यांत दोन पंखे, टीव्ही, चार बल्ब आणि एक फ्रिज असलेलं घर शंभर युनिटच्या आतच असतं. त्याला 1 किलोवॉट पुरून उरतो. दिवसाला सरासरी चार युनिट. जागा लागते शंभर चौरस फूट. घरकुलाचा स्लॅब किमान 269 चौरस फुटांचा असतो.

म्हणजे बघा, ज्याचं घर कवेलूचं त्याला ही वीज अवघड. ज्याला घरकुल मिळालं, ज्याच्या घराला कुणी सुंदर म्हणणार नाही, त्याचं छत आता बिल भरतं. मामाजींच्या घराला लागूनच असं एक घरकुल आहे. स्लॅबवर लोखंडी स्टँड, त्यावर दोन पॅनलं, तार खाली मीटरपर्यंत. मामी त्या घरच्या बाईंबरोबर वर गेल्या होत्या, मीही मागोमाग चढलो. कोहळ्याच्या वड्या टाकायचे दिवस. बाई म्हणाल्या, "अर्धा स्लॅब त्याहिनंच घेतला. वड्या कोठी वाळवू?" पॅनलखाली सावली, सावलीत वड्या वाळत नाहीत. पण उन्हाळ्यात खालची खोली आधीइतकी तापत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. बिलाचं विचारलं तर हसल्या. "फुकट म्हनत होते, अन् बिल तं येतेच." ते येणारच, वापर शून्य झाला तरी स्थिर आकार राहतो. हे विक्रेत्यानं आधी सांगायला हवं होतं.

दुसरी न सांगितली जाणारी गोष्ट: लाइट गेली की हे सोलरही बंद. भर दुपारी, लख्ख उन्हात. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर गावची लाइन गेल्याबरोबर थांबतो, कारण तो चालू राहिला तर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हाताखालच्या तारेत तुमच्या छतावरची वीज येईल. बॅटरी घेतली तरच घर चालू राहतं आणि बॅटरीला अनुदान नाही. शिंगल असो की पॅनल, हा नियम सारखाच.

साताऱ्याच्या पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून 2024 मध्ये पुढं आलं. भंडारा शहराला लागून असलेल्या बेला ग्रामपंचायतीलाही पर्यावरणाच्या कामासाठी त्याच वर्षीच्या राष्ट्रीय पंचायत पुरस्कारांत मान मिळाला. म्हणजे गावानं मनावर घेतलं तर होतं. बेल्याला नागपूर रस्ता जवळ आहे आणि लाखांदूरला नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवायला हवं.

मग मामाजींनी काय करावं? मी त्यांना सांगितलं ते इथंही सांगतो. शिंगलची वाट बघू नका. ती आली तरी तुमच्या आड्याफाट्यांवर बसणार नाही, आणि बसवायची तर घर मोडावं लागेल. कवेलूवर पॅनलही चढवू नका. फाट्यांना ते वजन आणि वादळातला ओढा सोसायचा नाही, आणि फेरणीच्या वेळी ते काढणार कोण? तुमचा गोठा टिनाचा आहे. लोखंडी अँगल मजबूत असतील तर त्यावर क्लँपनं दोन पॅनलं बसतात. तोंड दक्षिणेकडं. चिंचेपासून दूर. माकडं येतील, बसतील. स्टँडवरच्या काचेखाली गादी नसते.

मामाजींनी मन लावून ऐकलं. मग आतून बिल आणून दिलं. मीटर अजून आजोबांच्या नावावर. आजोबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. योजनेचा अर्ज ज्याच्या नावाचं मीटर त्यानंच करायचा, तेव्हा आधी नाव बदला, त्यासाठी मृत्यूचा दाखला, घरटॅक्सची पावती, वारसांची संमती. पुण्यातल्या मावशीची सही राहिली आहे. वाचकांपैकी कुणाचं मीटर असंच गेलेल्या माणसाच्या नावावर असेल, तर पॅनलचे भाव विचारायच्या आधी ते काम काढा. तेच जास्त वेळ खातं.

तोवर कवेलू आहेतच. यंदा फेरणीला माणूस मिळाला नाही. जो करायचा तो पोराकडं हैदराबादला गेला, आणि नव्या पिढीत फाट्यावर पाय ठेवून चालणारं गावात कुणी उरलेलं नाही. दोन हजारांच्या वर कवेलू अजून शाबूत आहेत. लाखांदूर, पवनी, लाखनी भागात हे काम करणारं कुणी तुमच्या माहितीत असेल तर जूनच्या आत कळवा.